आमची वाटचाल : नामचेला दोन रात्री

आमच्या एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकचं पहिलं माहितीपत्रक नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये दोन रंगांत छापलं होतं. त्यात एक ओळ होती : "नामचेला दोन रात्री, डिंगबोचेला दोन रात्री." दोन्ही बेस कॅम्पच्या वाटेवरची मुक्कामाची गावं. ती ओळ आजही आहे. कागद गुळगुळीत झाला, फोटो रंगीत झाले, मुलीने लोगो दोनदा बदलला, पण त्या ओळीला मी कोणाला हात लावू दिलेला नाही. या ओळीने आम्हाला गिऱ्हाईक मिळवून दिलं आणि त्याहून जास्त घालवलं.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. रविवारी राजगड-तोरणा, पावसाळ्यात हरिश्चंद्रगड, बाकी आठवडाभर तंबू, मॅट आणि सॅक भाड्याने द्यायच्या. 1998 साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हापासून पुण्यात या डोंगराचं वेड होतंच. पण 2012 मध्ये गिरिप्रेमी या पुण्याच्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेतले आठ जण शिखरावर गेले आणि पेठापेठांतून फोन सुरू झाले. शिखर नको, पण बेस कॅम्प तरी दाखवा! ज्यांना पर्वती चढताना धाप लागायची तेही विचारायला लागले. आम्ही त्याआधीपासून नेत होतो, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण हल्ली "महाराष्ट्रात पहिले आम्हीच" असं म्हणणारे फार झालेत.

खरं भांडवल होतं काठमांडूचे आमचे दाजू, म्हणजे नेपाळीत थोरले भाऊ. मूळचे एव्हरेस्टच्याच सोलुखुंबू जिल्ह्यातले, काठमांडूच्या थामेल भागात एका लॉजच्या मागच्या खोलीत त्यांचं ऑफिस. लेखी करार आमच्यात कधी झाला नाही. पहिल्या बॅचच्या वेळी मी मोठ्या ऐटीत त्यांच्यासमोर आयटिनररी ठेवली. त्यांनी पेन्सिल घेतली, नामचेसमोर 2 लिहिलं, डिंगबोचेसमोर 2 लिहिलं आणि कागद परत दिला. मी खर्चाचं बोलायला गेलो तर म्हणाले, "पैसे वाचतात, माणूस वाचत नाही." नामचे 3,440 मीटरवर, डिंगबोचे 4,410 वर, गोरक्षेप 5,164 वर आणि बेस कॅम्प 5,364 वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा करावा, हे डॉक्टर लोक आता पुस्तकातून सांगतात. दाजूंनी ते पेन्सिलने सांगितलं.

त्यांच्याकडून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा काटा. हुकाला डफल, म्हणजे सामानाची मोठी कापडी बॅग, अडकवायची, काटा खाली येतो. आता डिजिटल आलेत, पण थंडीत त्यांच्या बॅटऱ्या मान टाकतात. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात सामान वजनावर जातं आणि पुढे तेच एखाद्या पोर्टरच्या पाठीवर जातं. आमच्याकडे दोघांत एक पोर्टर आणि दोन डफल मिळून वीस किलो, वर एक ग्रॅमही नाही. काठमांडूच्या हॉटेलच्या लॉबीत मी स्वतः काटा धरून उभा राहतो. लोकांना ते अपमानास्पद वाटतं. एका बाईंच्या बॅगेतून इस्त्री निघाली होती. एका साहेबांनी बेस कॅम्पवर फोटोसाठी सूट आणला होता. इस्त्री आणि सूट, दोन्ही हॉटेलात राहिले.

तिसरं हत्यार वही. रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरचा आकडा, नाडी, झोप कशी लागली, जेवण किती गेलं, डोकं दुखतंय का. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी लांबट, लाल कापडी बांधणीची. आकड्यापेक्षा त्याची चाल बघायची असते. डिंगबोचेच्या वर, लोबुचेला रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ऐंशीच्या आसपास असलेला माणूस गप्पा मारत जेवत असेल तर मी शांत झोपतो. पंचाऐंशी दाखवणारा वरण-भात पुढे ढकलून भिंतीला टेकला असेल, तर त्याच्या खोलीपाशी लीडर झोपतो. मुलीने याचं अ‍ॅप केलंय. छान आहे. वही तरीही असते.

आता 2015. यावर मी आजवर फार लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं की कोणाकोणाचे चेहरे आठवतात.

25 एप्रिल, शनिवार. नेपाळच्या घड्याळात 11 वाजून 56 मिनिटं, आपल्याकडे पावणेबाराला चार मिनिटं कमी. आमची बॅच डिंगबोचेला होती, दुसऱ्या रात्रीचा मुक्काम, म्हणून उंचीची सवय व्हायला सकाळी नांगकारत्शांगच्या टेकडीवर गेली होती. 7.8 चा भूकंप. पुमोरीच्या बाजूने सुटलेलं हिमस्खलन थेट बेस कॅम्पवर आलं आणि तिथे माणसं गेली. नामचे आणि डिंगबोचेच्या जास्तीच्या रात्री प्लॅनमधून वगळल्या असत्या तर आमची माणसं दोन दिवस पुढे, म्हणजे त्या दुपारी बेस कॅम्पच्या वाटेवर असती. बायको म्हणते, योगायोगाचं श्रेय घेऊ नका. घेत नाही. पण मोजून बघा.

ऑफिसात त्या दिवशी चाळीसेक नातेवाईक बसले होते, जिन्यावरसुद्धा. फोन लागत नव्हता. टीव्हीवर काठमांडूचा धरहरा पडलेला दिसत होता आणि प्रत्येक वाहिनी "बेस कॅम्प" हाच शब्द घोळवत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मोहिमेच्या सॅटेलाइट फोनवरून दाजूंचा आवाज आला : सगळे आहेत. नंतर लुक्लाला विमानासाठी दिवसच्या दिवस रांग, मग काठमांडू, मग घरी. सगळे आले.

धंदा मात्र तिथेच राहिला. मे महिन्याची बॅच भरलेली होती. 12 मेला पुन्हा 7.3 चा धक्का बसला आणि जे थोडे जायला तयार होते तेही फिरले. पैसे परत द्या. लोकांचं चूक नव्हतं, पण पैसे माझ्याकडे होते कुठे? विमानाचे गेले होते, लॉजचे अ‍ॅडव्हान्स गेले होते, परमिटचे गेले होते. गाडी विकली. तंबू विकले, त्यातले चांगले आधी गेले, अर्थातच. बायकोच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. शरद ऋतूचा सीझन सावरेल म्हटलं, तर सप्टेंबरमध्ये सीमेवर नाकाबंदी, नेपाळात पेट्रोल नाही, गॅस नाही, लॉजवाले लाकडावर स्वयंपाक करताहेत. बुकिंग शून्य. त्या काळात दाजूंचं गावातलं घर पडलेलं होतं. तरी त्यांनी माझ्या अ‍ॅडव्हान्सचा मोठा भाग हुंडीसारखा माणसाहाती परत पाठवला. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तुमच्याकडे लोक येऊन बसतात, माझ्याकडे कोण येऊन बसणार?"

आणि मिरजेच्या काकू. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचंही नाव मे महिन्याच्या यादीत होतं. फोन आला तेव्हा मी माफीची वाक्यं तयार ठेवून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "पैसे तुमच्याकडे ठेवा. पुढच्या वर्षी जाऊ. आणि रडका आवाज काढू नका, मुलं घाबरतात." मुलं म्हणजे माझे लीडर. पुढच्या वर्षी त्या आल्या, लोबुचेला वहीतला आकडा घसरत गेला, खोकला वाढला. मी खाली उतरायचं म्हटलं. एक शब्द न बोलता त्या उतरल्या, फेरिचेच्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात तपासून घेतलं, आणि परत येताना डॉक्टरांकडून उंचीच्या आजारावर एक छोटं व्याख्यानच ऐकून आल्या. वर्षभराने त्या बेस कॅम्पला पोहोचल्या. आता दर मोसमात त्यांच्या ओळखीचे दोन-चार जण येतात आणि प्रत्येकासोबत आमच्यासाठी मेतकुटाचा डबा येतो.

आता त्या गृहस्थांबद्दल, ज्यांचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडेच लीडर होता. गाठी मारायला इथे शिकला, वही भरायला इथे शिकला, दाजूंशी ओळखही मीच करून दिली. 2016 च्या थंडीत सोडून गेला, आणि जाताना चौकशीचं रजिस्टर झेरॉक्स करून घेऊन गेला, हे मला दुकानवाल्यानेच सांगितलं. महिन्याभरात त्याची जाहिरात आली : तोच मार्ग, तेच फोटो (दोन फोटोंत तर माझी पाठ आहे), दोन रात्री कमी आणि दर कमी. कुठल्या दोन रात्री, ते सांगायला नको. मग माझ्याकडे फोन यायचे, "ते तर कमी दिवसांत नेतात, तुम्ही का वेळ घालवता?" मी समजावायचो. ऐकणारे ऐकायचे, बाकीचे तिकडे जायचे. त्यांच्यापैकी काही वरून हेलिकॉप्टरने खाली यायचे आणि ते हेलिकॉप्टरही व्हिडिओत मिरवायचे. 2018 मध्ये नेपाळ सरकारने ट्रेकर्सच्या खोट्या रेस्क्यूंची चौकशी केली, विम्याच्या पैशांसाठी लोकांना उगाच हेलिकॉप्टरमध्ये बसवलं जात होतं. त्यात याचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की गेल्या वर्षी एका सत्कार समारंभात त्याला "साहसी पर्यटनाचा नवा चेहरा" म्हणून शाल मिळाली, आणि मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

मधली वर्षं बरी गेली. 2020 मध्ये मार्चात नेपाळने मोसमच रद्द केला, तेव्हा पैसे परत कसे द्यायचे हे आम्हाला 2015 ने आधीच शिकवलेलं होतं.

आता विचारलं नाही तरी सांगतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. परतीचं मुंबईचं तिकीट लुक्लाच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका, दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्लाची धावपट्टी 527 मीटर आणि तीही चढाची, ढग आला की विमान नाही. गर्दीच्या मोसमात विमानं काठमांडूहून नाही, रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर जीपमध्ये बसायचं, झोपेची आशा सोडायची. पंधरा ते पासष्ट वयातल्यांना आधार कार्डावर नेपाळच्या विमानात बसता येत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. दर बॅचला एक जण विमानतळावर हे शोधून काढतो. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर, दोन्ही लिहिलेलं आहे का ते वाचा, एजंटच्या तोंडाकडे बघू नका. डायमॉक्स ही उंचीच्या आजारावरची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. ट्रेडमिलचे किलोमीटर मला सांगू नका. पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड चढा आणि पायऱ्यांवरून उतरा, गुडघे उतरतानाच बोलतात. नामचेच्या वर मांस खाऊ नका, ते खालून पाठीवर चढून आलेलं असतं. डाळ-भात मागा, पुन्हा वाढतात. याक किंवा झोपक्यो (याक आणि गाईचा संकर) समोरून आले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही, मग समोर कितीही चांगला फोटो असू दे.

मुलगी आता धंद्यात आहे. तिने परतीसाठी गोरक्षेपहून हेलिकॉप्टरचा पर्याय काढलाय आणि तो चांगला चालतोय. मी विरोध केला होता. चढायचा प्लॅन तोच राहील या अटीवर सही केली. दाजूंचा मुलगा काठमांडूचं ऑफिस बघतो, त्याला मी जरा जास्त बोलतो असं वाटतं. ऑक्टोबरच्या बॅचमध्ये अजून जागा आहेत. यायचं असेल तर बूट आत्ताच घ्या, निघायच्या आठवड्यात नाही.