अप्पा बळवंत चौक, आज दुपारी

लेकीची पुस्तकं घ्यायला गेले होते. जूनची तीच झुंबड, बालभारतीच्या संचांसाठी तीच ओरडाओरड. १९९८ला बारावीची परीक्षा झाल्यावर मी याच चौकातल्या एका दुकानात काउंटरला होते. “ते निळ्या कव्हरचं द्या हो, मागच्या वर्षी इथंच होतं,” एवढ्यावर पुस्तक शोधून द्यायचं! पगार यथातथाच, तोही कधी वेळेवर नाही. असो. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की माळ्यावर बसून वाचायची मुभा होती. अट एकच, विकायचं पुस्तक पूर्ण उघडायचं नाही. अजूनही मी स्वतःचं पुस्तकसुद्धा अर्धवट उघडूनच वाचते. नवरा हसतो.

आज गठ्ठा बांधणाऱ्या पोराची सुतळी सारखी सुटत होती. न राहवून मीच गाठ मारली.

“काकू, दुकानात होता काय?”