अष्टमीची भरती आणि १६० मीटर

मी हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत ८० मीटर बँड (लहरीच्या लांबीवरून नाव पडलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा) ऐकायला बसलं की रेडिओचा एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, नुसत्या गोंगाटाने नऊवर चिकटून बसतो. लिफ्टचा ड्राइव्ह, सोलरचा इन्व्हर्टर, शेजाऱ्यांचे चार्जर, जिन्यातले एलईडी या सगळ्यांची एकत्र गुरगुर. १६० मीटरचं तर नावच काढू नका. गच्चीवर वायर टाकायची परवानगी मागितली तेव्हा सोसायटीने 'आजारी माणसांना त्रास होईल' असं लेखी कळवलं. हिवाळा वाया चालला होता. खालच्या बँडांचे, म्हणजे ८० आणि १६० मीटरसारख्या कमी फ्रिक्वेन्सींचे, दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. एप्रिल लागला की विजांचा कडकडाट कानात, आणि पावसाळ्यात तर रेडिओ झाकूनच ठेवावा.

मग जागा शोधायला लागलो. पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो तो डोंगराचा. येऊरला रात्री थांबणं शक्य नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. शिवाय वर हवाई दलाचं केंद्र असताना तिथे मास्ट उभारायचा विचार शहाण्याने करूच नये. खारघरचा डोंगर एक-दोघांनी सुचवला. पण व्हीएचएफला (छोट्या लहरींच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना) उंची लागते म्हणून १.८ मेगाहर्ट्झला, म्हणजे १६० मीटरलाही लागेल असं नाही. तिथे लागते ती वीज वाहून नेणारी ओली जमीन, आणि खारघरला पायाखाली निव्वळ काळा कातळ. साध्या मातीपेक्षा समुद्राचं पाणी साधारण हजारपट चांगलं वाहक आहे. आपल्याला तर खाडी उशाशी आहे. म्हणून डोंगर सोडून चिखलाकडे निघालो: बेलापूरजवळचं दिवाळे गाव, कोळीवाडा, आणि माझ्या जोडीदाराच्या ओळखीच्या एका नाखव्यांचं खाडीकडचं शेवटचं घर.

तारीख ठरवली ती पंचांग बघून. हे वाचून हसाल, पण दोन कारणं खरी आहेत. पहिलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर कोणीही सांगेल. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मध्यरात्री ओहोटी, पहाटे सहाला पुन्हा भरती. खालच्या बँडवर सगळ्यात मोलाच्या वेळा सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या, आणि त्या दोन्ही वेळांना अँटेनापुढे पाणी भरलेलं. शिवाय अष्टमी भांगाची, उधाणाची नाही. पाणी घाटाच्या दगडांवर चढून आपलं सामान नेत नाही. दुसरं कारण पौष महिना. पौषात लग्नं नाहीत, म्हणून हळद नाही, म्हणून डीजे नाही, आणि त्याच्यासोबत येणारी एलईडीची भिंतही नाही. आगरी-कोळी गावात रेडिओ लावायचा असेल तर ही गोष्ट सोलर फ्लक्सच्या (सूर्य किती सक्रिय आहे त्याच्या) आकड्याइतकीच बघून घ्यावी. आम्ही पौष वद्य अष्टमीचा शनिवार पकडला.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण हा भाग कंटाळवाणा असला तरी यातच लोक अडकतात. परवान्यावरच्या पत्त्याबाहेर स्टेशन लावायचं असेल तर त्या बाबतीतला चालू नियम वाचून, लागेल ती पूर्तता काही आठवडे आधी करून ठेवा. परवान्याची छापील प्रत खिशात असू द्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही असं नाही, पण कागद पुढे केला की बोलणं लवकर संपतं. २६/११ नंतर किनाऱ्यावरची माणसं अनोळखी सामानाकडे बारकाईने बघतात आणि ते योग्यच आहे. आम्ही गावातल्या मंडळींना आदल्या आठवड्यात भेटून आलो, पोलीस चौकीत सांगून ठेवलं. यजमान स्थानिक नसेल तर जाऊच नका.

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने पनवेल गाडी, बेलापूरला उतरून रिक्षा. बारा मीटरचा फायबरग्लासचा दांडा मिटवला की दीड मीटरहून कमी भरतो, त्यामुळे लगेजच्या डब्यात आरामात मावतो. तुर्भ्यापर्यंत एका मासळीवाल्या मावशींनी 'एवढ्या जाड गळाला कंचा मासा लागतो?' म्हणून माझी उलटतपासणी घेतली.

दुपारी तीनला पोचलो. घरापुढे जाळी सुकवायची मोकळी जागा, तिच्या टोकाला वर ओढून ठेवलेली एक जुनी होडी. तिच्या काठाला दांडा बांधला. नाखवा लांबून बघत होते. शेवटी राहवलं नाही म्हणून आले आणि माझी गाठ सोडून टाकली. 'बांबू परंल मास्तर. दोरी आदी पाण्यान भिजव.' सुती दोरी भिजवून बांधली की आवळली जाते, हे मला कुठल्याही हँडबुकात मिळालं नव्हतं. रात्रभर दांडा तसूभर हलला नाही.

अँटेना उलट्या एलची. लहरीच्या पाव लांबीची उभी अँटेना १६० मीटरला जवळजवळ ३९ मीटर उंच लागते. ती कोण उभारणार? म्हणून १२ मीटर वायर दांड्यावरून वर आणि उरलेली २८ मीटर आडवी, नाखव्यांच्या गच्चीच्या कठड्यापर्यंत. पहिल्या मापात ती १७९० किलोहर्ट्झला बसली. आपला पट्टा १८२० ते १८६०, म्हणून टोकाकडची साधारण एक मीटर वायर मागे दुमडली. दुमडा, कापू नका. कापलेली वायर दुसऱ्या जागी हमखास आखूड पडते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सुरुवातीला मोकळ्या जागेतल्या सुक्या मातीवर चार रेडियल (अँटेनाच्या बुडापासून जमिनीवर टाकायच्या वायरी) पसरले आणि अँटेना मोजायचा ॲनालायझर लावला. ४६ ओहम, एसडब्ल्यूआर १.१ (हा आकडा एकाच्या जितका जवळ तितका रेडिओ आणि अँटेनाचा मेळ चांगला). जोडीदार खूश: 'झालं की, सुरू करू!' मी म्हटलं, थांब. बारा मीटर उभ्या भागाचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे ज्यातून शक्ती लहर होऊन बाहेर पडते तो रोध, या फ्रिक्वेन्सीला हिशेबाने ८ ओहमच्या आसपास येतो. मग बाकीचे ३८ कुठून आले? जमिनीतून. म्हणजे शंभर वॅट घातले तर सतरा बाहेर पडणार आणि बाकीचे गांडुळांना शेकणार. आणखी चार रेडियल टाकले, आणि दोन लांब वायरी घाटाच्या दगडांवरून खाली सोडल्या. टोकाला जाळ्याची शिशाची वजनं बांधली आणि थेट पाण्यात. मीटर ४६ वरून उतरत ३३, मग २२ वर आला. एसडब्ल्यूआर चढून २.३. जोडीदाराचा चेहरा पडला. पण आता शंभरातले छत्तीस वॅट हवेत जात होते, आधीच्या दुपटीहून जास्त. रेडिओतल्या ट्यूनरने (मेळ घालून देणाऱ्या सर्किटने) २.३ सहज सांभाळला. खालच्या बँडवर आखूड उभ्या अँटेनाला लगेच १.१ मिळाला तर पेढे वाटू नका, आधी जमीन तपासा.

ही ४० मीटरची वायर ८० मीटर बँडवर अर्ध्या लहरीची होते आणि बुडाशी तिचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) हजारो ओहममध्ये जातो. रेडिओ तिला तोंड देत नाही. म्हणून वायरमध्ये २० मीटरवर एक सुटा जोड ठेवला होता. गच्चीकडचं टोक सैल करून वायर खाली घ्यायची, जोड सोडायचा, पुन्हा ताणायची. पाच मिनिटांचं काम, पण अंधारात वीस लागतात. बॅटरी कपाळावर बांधायची आणा. आणि वायरच्या टोकाशी प्रक्षेपणाच्या वेळी जबर व्होल्टेज असतं. गच्चीवर मुलं पतंग घेऊन चढतात, तेव्हा टोक हाताला लागणार नाही इतकं उंच घ्या आणि लाल फडकं लावा. पतंगालाच वायर बांधायची हौस कोणाला असेल तर ती इथे आणू नका, पलीकडे उलव्याला विमानतळ आहे.

खारफुटीला काहीही बांधायचं नाही, तिच्यावरून वायरही न्यायची नाही. कायद्याने तर नाहीच, आणि ओल्या फांद्या सिग्नल खातात हा भाग वेगळा.

सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य कलला की तो विरघळतो आणि बँड उघडतो. ते होताना ऐकणं हीच अर्धी मजा. पाच वाजता १६० वर नुसती खरखर होती. सव्वासहानंतर एफटी-८ चे (संगणकाने पाठवायच्या छोट्या डिजिटल संदेशांचे) सूर १८४० वर एकेक करून उगवायला लागले, जशी समोर होड्यांवर दिवे लागत होते तशी. आधी दक्षिणेतली आपलीच स्टेशनं, मग जपान. घरी नऊवर असणारा एस-मीटर ८० मीटरवर इथे चारवर होता. पाच एस-युनिट म्हणजे ३० डेसिबल, म्हणजे हजारपट शांतता.

साडेसातला ती शांतता मोडली. अचानक करवतीसारखा आवाज, मीटर आठवर. अशा वेळी जुना बॅटरीवरचा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर कामाला येतो. आकाशवाणीच्या ५५८ आणि १०४४ च्या मधली रिकामी जागा लावायची आणि ट्रान्झिस्टर हातात फिरवत चालायचं. आतल्या फेराइट दांडीचं टोक गोंगाटाकडे वळलं की आवाज पडतो. दोन-तीन जागांवरून अशा दिशा घेतल्या की त्या जिथे मिळतात तिथे चोर. चोर निघाला नाखव्यांच्या देवघरात: गणपतीला आणलेली रंग बदलणारी एलईडीची माळ. देवघरातला दिवा बंद करा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वहिनींनीच ती काढली, समई लावली आणि म्हणाल्या, 'देवाला तेलाचाच बरा.' मीटर चारवर.

ऐकायला वेगळी अँटेना हवीच. पीव्हीसी पाइपवर मीटरभर व्यासाचा वायरचा लूप, मोठ्या अँटेनापासून वीस मीटर लांब, हाताने फिरवता येणारा. तो वळवून उरलेली गुरगुर आणखी दाबता आली. बेव्हरेज नावाच्या ऐकायच्या लांब अँटेनासाठी दीडशे मीटर सरळ रेघ लागते. गावात ती कुठून आणणार?

रात्री सव्वानऊनंतर इटलीकडे सूर्य मावळतो आणि पश्चिम उघडते. तिथून साडेअकरापर्यंत युरोप बरा आला, ८० वर मोर्समध्येही. साडेअकराला माझी चूक उघडी पडली. मी २० अँपिअर-तासांची बॅटरी आणली होती. नुसतं ऐकायला रेडिओ एक अँपिअर खातो, शंभर वॅटला प्रक्षेपण करताना वीस. कागदावर हिशेब केला असता तर कळलं असतं, केला नाही. नाखव्यांनी होडीची बॅटरी आणून दिली म्हणून पुढची रात्र झाली. तुम्ही ४० ची आणा, आणि एफटी-८ ला तीस वॅटवरच राहा.

मध्यरात्रीनंतर ओहोटी. पाणी लांब गेलं, दोन्ही वायरी उघड्या चिखलावर. मला वाटलं आता ॲनालायझरचा आकडा पुन्हा चाळिशीत जाणार. गेला २४ वर. खारट ओला चिखल पाण्याचंच काम जवळपास करतो. म्हणजे तिथीचा माझा सगळा खटाटोप मीटरपुरता तरी दोन ओहमचा होता! तरी पुढच्या वेळी अष्टमीच धरेन. उधाणाच्या रात्री त्या दगडांवर सामान मांडायची हिंमत नाही.

साडेतीनला जपानकडे सूर्य उगवतो, त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं सोडू नका. आमच्यातला एक तेव्हा झोपला होता. तो मीच. सूर्योदय सव्वासातला, सहापासून युरोप पुन्हा वर आला, तिकडे अजून रात्र. दक्षिण आफ्रिका मिळेल अशी आशा होती, कारण पाणी त्याच बाजूला. एकदाही ऐकू आली नाही. सव्वासातनंतर दहा मिनिटांत १६० मीटर कोणीतरी नळ बंद करावा तसा गेला. मग गच्चीवर कमी उंचीचा ४० मीटर बँडचा डायपोल (मधून जोडलेली दोन हातांची वायर) टांगला आणि सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम लोकांच्या ठरलेल्या वेळच्या कट्ट्यावर, गुजरातपासून केरळपर्यंत गप्पा मारल्या.

निघताना दांडा, वायरी, कनेक्टर गोड्या पाण्याने धुवा. मी एक कनेक्टर रबरी टेप न लावता ठेवला होता. खारं दव पडून सकाळपर्यंत त्यावर हिरवं चढायला लागलं होतं. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा, आम्ही दहाच्या आत गाडीत होतो. फेब्रुवारीतल्या अष्टमीला परत येऊ का विचारलं तर नाखवा म्हणाले, या की, पण शेजारी हळद हाय.