कार्डावर ओ पॉझिटिव्ह, आणि एकही पिशवी जुळेना

दुपारी वॉर्डातून रक्ताच्या मागणीचा फॉर्म आला तेव्हा त्यात वेगळं असं काही नव्हतं. पस्तिशीतली बाई, गर्भाशयात गाठी, महिनोन्‌महिने अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन ५.८ वर आलेलं. आधी दोन पिशव्या चढवायच्या, मग ऑपरेशनचं ठरवायचं. रक्तगटाच्या रकान्यात ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं, आणि सोबत कुठल्याशा लॅबचं जुनं कार्ड टाचलेलं. पंधरा ऑगस्टची रक्तदान शिबिरं नुकतीच झाली होती. आमच्या फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हची कमतरता नव्हती.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या ब्लड बँकेत तंत्रज्ञ आहे. कार्ड कोणाचंही असो, त्यावर विसंबून रक्त द्यायचं नाही हा आमचा नियम. गट नव्याने काढायचा, तोही दोन्ही बाजूंनी. आधी रुग्णाच्या तांबड्या पेशी अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी या द्रावणांशी तपासायच्या. मग उलट बाजूने, म्हणजे रुग्णाचं सीरम (पेशी काढल्यावर रक्तातलं उरणारं पाणी) घेऊन ते माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी तपासायचं. पहिली बाजू कार्डाप्रमाणेच आली. उलट बाजूत ए आणि बी पेशींच्या गुठळ्या झाल्या, ओ गटात त्या व्हायलाच हव्यात. राहिली ओ पेशींची ट्यूब. एरवी ती हलकेच हलवली की तळाशी बसलेल्या पेशी सुट्या होतात आणि सगळं द्रावण एकसारखं लाल होतं. इथे पेशींचा एकच घट्ट गोळा तसाच्या तसा तळापासून सुटला. भोवतीचं पाणी स्वच्छ.

ट्यूब पुन्हा लावली. तेच. फ्रीजमधल्या पाच ओ पिशव्यांशी क्रॉसमॅच केला, म्हणजे तिचं सीरम त्या पिशव्यांतल्या पेशींशी लावून पाहिलं. पाचही जुळेनात. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवरही गुठळ्या तशाच. तिच्याच पेशी तिच्याच सीरमशी लावल्या तेव्हा मात्र काही झालं नाही. म्हणजे स्वतःच्या रक्ताशी तिचं भांडण नव्हतं, जगातल्या बाकी सगळ्यांच्या रक्ताशी होतं.

तेवढ्यात खिडकीशी तिचा नवरा आला. लालबागच्या चाळीत राहणारा, गिरणगावातल्या मंडळाचा कार्यकर्ता. "मॅडम, अजून किती वेळ? ओ तर कुठेही मिळतं ना? खाली आमच्या मंडळाची चार पोरं उभी आहेत, चौघांचंही ओ पॉझिटिव्ह. पाहिजे तेवढं घ्या."

"दादा, त्यांचं चालणार नाही," मी म्हटलं. "थोडं थांबा, नक्की झालं की मीच येऊन सांगते."

शेवटची तपासणी अँटी-एच लेक्टिनची, म्हणजे पेशींवरचा एच हा घटक ओळखणाऱ्या पदार्थाची. युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून हा पदार्थ काढतात. साध्या ओ पेशींमध्ये थेंब टाकला की लगेच गुठळ्या होतात. तिच्या पेशींमध्ये टाकला, वाट पाहिली, काहीच झालं नाही. मी सरांना हाक मारली. त्यांनी भिंगाखाली पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बॉम्बे ब्लड ग्रुप. परळला नमुना पाठवा, आणि वॉर्डात आत्ता फोन करून सांगा, बाहेरून कोणी ओची पिशवी आणून चढवायची नाही."

हा रक्तगट पहिल्यांदा ओळखला गेला तो याच शहरात. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याची नोंद केली, आणि शहराचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं. आज परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातच, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. असे अवघड नमुने पक्के करून घ्यायला आम्ही तिथे पाठवतो. भारतात साधारण १० हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो, युरोपात १० लाखांत एक.

नवऱ्याला मी आत बसवून सांगितलं. ए आणि बी हे घटक तांबड्या पेशीवर थेट उभे राहत नाहीत, त्यांच्याखाली एच नावाचं जोतं लागतं. ओ गटात नुसतं जोतंच असतं, वर भिंत नाही. तुमच्या मिसेसच्या पेशींवर जोतंच नाही. म्हणून शरीर ए, बी आणि एच या तिन्हींना परकं मानतं, आणि एच सगळ्यांत जास्त ओ रक्तात असतं. ते चढवलं तर पेशी शिरेतच फुटतील, मूत्रपिंडं बंद पडतील, जीवही जाईल.

तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "हे आईवडिलांकडून येतं का?"

येतं. दोघांकडूनही तो सदोष जनुक आला तरच. तिचं माहेर कोल्हापूरकडचं, आणि तिच्या वडिलांनी सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलेलं. नात्यातल्या लग्नात एकच दुर्मीळ जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. मी त्याला मुलांचे गट विचारले. तो जरा अवघडला. मुलगी एकच, आठवीत, तिचा गट एबी. त्याचा स्वतःचा ए. आई ओ असताना मुलगी एबी कशी, हे कुणीतरी घरात बोललं होतं, आणि दवाखान्यात बाळ बदललं असणार हे त्याच्या आईच्या मनातून आजवर गेलं नव्हतं. पोरगी समोर नसली की तो विषय निघायचा.

"बाळ बदललेलं नाही," मी सांगितलं. "तुमच्या मिसेसकडे बीचा जनुक आहे, पण जोतं नसल्यामुळे त्यांच्या पेशींवर तो दिसत नाही. मुलीला तुमच्याकडून जोतं मिळालं, त्यावर आईचा बी उभा राहिला." त्याने मला ते कागदावर लिहून द्यायला सांगितलं. आईला दाखवायचं होतं. मी चित्र काढून दिलं. रक्त शोधण्याइतकंच तेही त्या दिवशी गरजेचं होतं, असं मला आजही वाटतं.

मग पुढची धावपळ. वॉर्डात डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, रक्तस्राव थांबवायची औषधं आणि शिरेतून लोह सुरू केलं. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता चारात एक. कल्याणचा भाऊ त्याच रात्री आला. सांगलीच्या बहिणीचा गट साधा बी निघाला. भावाचा मात्र बॉम्बे. पण सख्ख्या नातेवाइकाचं रक्त तसंच चढवत नाहीत. त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटू शकतात, म्हणून पिशवी आधी इरॅडिएट करून, म्हणजे किरणांनी त्या पेशी निकामी करून आणली. दुसरी पिशवी दुर्मीळ दात्यांच्या यादीतल्या एका माणसाने दिली. कामावरून थेट आला, रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, गेला. हिमोग्लोबिन सुधारल्यावर ऑपरेशन झालं आणि बाई घरी गेली.

मला राग येतो तो त्या जुन्या कार्डाचा. टाइलवर दोन थेंब टाकून, उलट बाजू न तपासता गट छापून देणाऱ्या लॅब आजही आहेत. ओ पेशींची ती एक ट्यूब वगळली की बॉम्बे गटाचा माणूस बिनबोभाट ओ ठरतो. एरवी क्रॉसमॅचमध्ये ते पकडलं जातं. पण अपघातात, बाळंतपणात, क्रॉसमॅचलाही वेळ नसतो तेव्हा ओ रक्त आधी चढवतात. तो नियम लाखो लोकांना वाचवतो, आणि त्यानेच तिला मारलं असतं. खिडकीबाहेर आवाज चढवणाऱ्या नातेवाइकांना मी हेच सांगते की तपासणीचा तो पाऊण तास कागद रंगवण्यात जात नाही.

भाऊ नंतर एकदा नाव नोंदवायला आला. गणपतीत मंडळाच्या शिबिरात दरवर्षी रक्त देऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. पिशवी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकते, आणि या गटाचं रक्त गोठवून वर्षानुवर्षं ठेवायची सोय मोजक्याच ठिकाणी आहे. शिबिरात दिलं आणि महिन्याभरात कोणाला लागलं नाही तर वाया जाणार, आणि पुढचे तीन महिने त्याला देता येणार नाही. बोलावलं की यायचं. त्याने फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहिला, बायकोचा लिहिला, आणि लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ऑफिसचाही लिहून दिला.