काकाचे सात रेडिओ

मेलबर्नमध्ये जून म्हणजे ऐन हिवाळा, सव्वापाचला अंधार. इथल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी दात घासायला उठणंही जड झालं. आल्याचा चहा करायचे आणि तो तसाच साय धरून पडून राहायचा. आईला फोनवर "कामाचा ताण आहे गं" एवढंच सांगत होते.

इथे आधी जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात कुणाला मानसिक आजार?" मी लगेच नाही म्हटलं. खोटं बोलतेय असं मला वाटलंसुद्धा नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात काकाला आजार नव्हताच, काकाचा 'स्वभाव' होता.

त्या स्वभावापायी काका एकदा एकाच दिवसात सात रेडिओ घेऊन आला. रात्री तीन वाजता सगळे ओळीने मांडून, एकेक सुरू करून, आजीला दुकानाचे बेत ऐकवत बसला होता. महिन्याभराने तोच काका भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि आजी त्याला दहीभात भरवतेय. आम्हा मुलांना ताकीद होती, बाहेर बोलायचं नाही. का, ते ठाणेकरांना सांगायला नको. १९०१ सालचं मनोरुग्णालय आपल्याच गावात, आणि 'याला ठाण्याला पाठवा' ही साऱ्या मुंबईची थट्टा. आम्ही तर ठाण्यातच राहत होतो!

मला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांत बरं वाटलं, मग फारच बरं वाटलं. तीन तास झोप पुरे होऊ लागली. पहाटे चारला मॅनेजरला पानभर ईमेल जाऊ लागले. एका शनिवारी दारात तीन शिलाई मशिनांची खोकी येऊन पडली. मला शिवता येत नाही. त्या खोक्यांकडे बघताना मला काकाचे रेडिओ आठवले, आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

मानसोपचारतज्ज्ञांकडे मी रेडिओंपासून सुरुवात केली. त्यांनी निदान केलं: बायपोलर. कधी नैराश्य, तर कधी उन्माद. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधीकधी ती त्याला उन्मादाकडे ढकलते. घरातल्या आजारांबद्दल विचारतात ते यासाठीच. हा आजार घराण्यातून येऊ शकतो. जवळच्या नात्यातल्या बहुतेकांना तो होत नाही, पण डॉक्टरांना माहीत असलेला बरा.

मेंदूत एखादं रसायन कमी पडलं की नैराश्य येतं, हे आपण ऐकलेलं असतं. ते फार तोकडं आहे. मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो भीती आणि भावनांची वर्दी देतो. कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. या आजारात या दोघांमधला ताळमेळ बिघडतो, त्यात शरीराचं घड्याळही विस्कटतं. म्हणूनच माझ्या उपचारात झोपेची वेळ गोळीइतकीच महत्त्वाची आहे, आणि रात्रीची जागरणं कायमची बंद.

मला मिळालेली गोळी लिथियमची. तिचा शोध याच शहरातला. सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांच्या कैदेत तीन वर्षांहून अधिक काळ काढून परतलेले डॉ. जॉन केड बंडुरा भागातल्या रुग्णालयात, एका वापरात नसलेल्या खोलीत, गिनिपिगांवर प्रयोग करत होते. लिथियम टोचल्यावर ते प्राणी शांत पडून राहिले. केडनी आधी स्वतः घेऊन बघितलं, मग १९४८ साली वर्षानुवर्षं उन्मादात असलेल्या एका रुग्णाला दिलं. तो सुधारून घरी गेला, कामाला लागला. पुढे त्याने औषध सोडलं, आजार उलटला, औषध पुन्हा सुरू झालं, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार थोडं आहे. म्हणून रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात, थायरॉइड आणि मूत्रपिंडंही तपासत राहतात. मे महिन्यात ठाण्यात निथळतो तसा घाम गेला, जुलाब झाले किंवा डॉक्टरांना न विचारता आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली, तर ते प्रमाण वाढू शकतं.

गेल्या महिन्यात काकाला फोन केला. तो आता ७१ वर्षांचा आहे. निदान सांगितलं, गोळीचं नाव सांगितलं. बराच वेळ मागे फक्त रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"रक्त कधी देतेस?" त्याने विचारलं.

"सकाळी."

"आदल्या गोळीला बारा तास झाल्यावरच ना? आणि रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, बरं का."

मी गप्पच झाले. तो रोज जेवल्यावर स्टीलच्या डबीतून 'व्हिटॅमिन' घ्यायचा, ते आठवलं.

"काका, तू किती वर्षं घेतोयस?"

"तू तिसरीत होतीस तेव्हापासून," तो म्हणाला. "तुझं किती आलंय? माझं शून्य पॉइंट सात."