काचेत माझाच शर्ट

टॉर्च बंद केला तेव्हा पाच वाजायला आले होते. तळं कुठे आहे ते बेडकांच्या आवाजावरूनच कळत होतं. मांडीवर टॅबलेट उघडला. अंधारात रंगवायची ही सोय कागदाला नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी २००९मध्ये अंथरुणातूनच खिडकीबाहेरची पहाट आयफोनवर काढायचा. स्क्रीनला स्वतःचाच उजेड, दिवा लावायला नको! पण मी ब्राइटनेस भरपूर ठेवला होता. डोळे त्याला सरावले आणि मान वर केली की समोर मिट्ट काळोख. ब्राइटनेस तळाला नेला, पांढरा कॅनव्हास करडा केला, तेव्हा कुठे टेकडीची कड आकाशापासून सुटी दिसली.

झुंजुमुंजू झाल्यावर रंग इतक्या भराभर पालटतात की रंगवत बसलं तर हाती काही लागत नाही. म्हणून वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, फक्त चार ठिपके दिले: वरचं आकाश, खालचं आकाश, पाणी, जवळचं गवत. बाकीचं मागाहून.

तेवढ्यात आकाशात आडवी रेघ उमटली. मी काढलेली नव्हती. काचेवर दवाचा थेंब ओघळला होता आणि टॅबलेटला ते बोट वाटलं. बाहीने पुसला, तर आणखी दोन रेघा. शेवटी बोटाचा स्पर्श सेटिंगमधून बंद केला आणि फक्त पेन चालू ठेवलं.

सूर्य टेकडीमागून वर आला, तशी तिची सावली पाण्यावरून मागे सरकायला लागली. प्रतिबिंब बसल्या जागेवरून तिथेच दिसतं, सावली मात्र थांबत नाही. फ्रेंच चित्रकार मोने १८९०-९१मध्ये शेतातल्या गंजी रंगवताना उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. त्याच्या पिढीला रंग बाहेर नेणं सोपं झालं ते कथलाच्या ट्यूबमुळे. अमेरिकन चित्रकार जॉन रँडने तिचं पेटंट १८४१मध्ये घेतलं, त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. माझ्याकडे तर फाइलची कॉपी करायला दोन टिचक्या पुरे. तरी मी ती केली नाही. आळस, दुसरं काय!

ऊन अंगावर आलं आणि चित्र दिसेनासं झालं. काचेत माझा पांढरा शर्ट लख्ख उजळला होता. गॉगल चढवला तर आडव्या धरलेल्या टॅबलेटची स्क्रीन काळी ठिक्कर! पोलराइज्ड काचेची ही खोड मला माहीत होती, ऐन वेळी आठवली नाही. गॉगल काढून डोळे बारीक केले आणि हिरवा रंग भडक, आणखी भडक करत गेलो. दहाच्या सुमाराला टॅबलेट तापल्याची सूचना आली. ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायचं यंत्र मी तासभर थेट उन्हात धरलं होतं. मुकाट्याने बॅगेत ठेवलं.

संध्याकाळी खोलीत पाहिलं तर गवत पोपटाच्या पिसासारखं. पहाटेचे चार ठिपके तेवढे खरे निघाले. मग ॲपने आपोआप टिपलेला चित्राचा व्हिडिओ लावला. पाच तासांचं काम अर्ध्या मिनिटात. त्यात सावलीची कड चार वेळा खोडून चार वेळा काढलेली, दर वेळी टेकडीच्या थोडी आणखी जवळ. आणि उजवीकडच्या एका झुडपावर मी मन लावून पानं काढत बसलोय, तीही उजेड सर्वांत सुंदर होता तेव्हा.

चारही ठिपके नव्या फाइलमध्ये घेतले. बॅगेतला काळा टीशर्ट काढून उशाशी ठेवला आणि गजर साडेचारचा लावला.