कोमोडो, ऑगस्ट: उत्तरेला 27 अंश, दक्षिणेला 22

डायव्हिंगच्या बाबतीत मी भयंकर चोखंदळ आहे, हे माझ्याबरोबर बोटीवर राहिलेलं कोणीही सांगेल. पाणी 26 अंशांच्या खाली गेलं की माझा उत्साह ओसरतो. दहा मीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर खाली नक्की काय बघायचंय हे मी आधी विचारते. आणि दगडाला हुक लावून लटकत बसण्याइतका प्रवाह असेल, तर मी सरळ बोटीवर राहते. अशा बाईने इंडोनेशियातल्या कोमोडोला जाऊ नये असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला मात्र वाटतं की ही जागा नखरेवाल्यांसाठीच आहे, कारण एकाच नॅशनल पार्कात पाण्याच्या दोन जाती मिळतात आणि निवड आपल्या हातात असते.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. पॅसिफिकची पातळी हिंदी महासागरापेक्षा किंचित उंच असल्यामुळे इंडोनेशियाच्या बेटांमधल्या खिंडींतून पाणी दक्षिणेकडे वाहत राहतं. उत्तर कोमोडोला मिळतं ते हे उबदार, निळं पाणी. दक्षिण किनाऱ्यावर साधारण जून ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे वाहतात. दक्षिण गोलार्धात वारा वरच्या पाण्याला आपल्या डावीकडे लोटतो, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर, आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार पाणी वर येतं. त्या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर, म्हणून प्लवकही (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर, म्हणून पाणी हिरवट आणि धूसर. थंडी आणि गढूळपणा इथे जोडीनेच येतात. मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे, चपटे मासे मात्र त्याच प्लवकाच्या मागे येतात, त्यामुळे हिरव्या पाण्याला सरसकट नावं ठेवता येत नाहीत.

आम्ही लाबुआन बाजो या बंदराच्या गावाहून लिव्हअबोर्ड, म्हणजे काही दिवस राहायची डायव्हिंगची बोट, घेतली होती. सुरुवात उत्तरेत झाली. क्रिस्टल रॉकला माझ्या मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरवर 27 अंश होते, वीस मीटरच्या पुढचं सहज दिसत होतं, मी 3 मिलिमीटर जाडीच्या वेटसूटमध्ये खूश. बातू बोलोंग हा पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढलेला खडक. तिथला प्रवाळ पाहून माझ्यासारखी तक्रारखोर बाईसुद्धा गप्प होते. पण हा डायव्ह शिस्तीने करायचा: खडकाच्या आडोशाच्या बाजूला राहायचं, खोलीवरून सुरू करून नागमोडी वर वर यायचं आणि दोन्ही कोपऱ्यांच्या पलीकडे जायचं नाही. कोपऱ्यावर प्रवाह खाली ओढतो. मासे कुठे तोंड करून उभे आहेत ते बघत राहा, प्रवाह तिकडूनच येत असतो. आपले बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसले तर गाइडकडे बघत बसू नका, मागे फिरा.

काराङ मकासारला मांटा दिसल्या. तळ उथळ, तुटक्या प्रवाळाचा, दिसायला उजाड. तिथे प्रवाहाबरोबर नुसतं वाहत जायचं. पाणी 25 अंश, दिसणं मध्यम, आणि मी एरवी कुरकुर केली असती. मांटा असतील तर माझे नियम दोन अंशांनी सैल होतात. त्यांच्या वरून पोहू नका, पाठलाग करू नका. तळाशी शांत राहिलं की त्या आपणहून जवळ येतात. इंडोनेशियाने 2014 पासून मांटांना देशभर संरक्षण दिलेलं आहे.

मग बोट दक्षिणेला, रिंचा बेटाजवळच्या हॉर्सशू बेमध्ये गेली. कॅनिबल रॉक. ब्रीफिंगमध्ये गाइड म्हणाला, “पाणी थोडं फ्रेश आहे.” गाइड लोकांचं ‘फ्रेश’ आणि माझं ‘फ्रेश’ यांत पाचेक अंशांचा फरक असतो, म्हणून मी आकडा विचारला. पुढे जाणाऱ्यांनीही हेच करावं. “पाणी कसं आहे?” असं विचारू नका, “काल तळाशी कॉम्प्युटरवर किती होतं?” असं विचारा. हवामानाच्या साइटवर समुद्राचं जे तापमान दिसतं ते वरच्या थराचं. पंधरा मीटरवर थर्मोक्लाइन, म्हणजे पाणी एकदम थंड होतं तो थर, असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही. उत्तर आलं 22. मी 5 मिलिमीटरचा सूट, आतून हूड असलेला व्हेस्ट, असं सगळं चढवून उतरले. जांभळी-लाल सी अॅपल (समुद्रकाकडीच्या जातीचे जीव), पिसांसारखे क्रिनॉइड, मऊ प्रवाळांचे इतके रंग मी उत्तरेत पाहिले नाहीत. तरी चाळीस मिनिटांनी बोटं बधिर व्हायला लागली आणि हवाही नेहमीपेक्षा भराभर संपली. त्याच जागी दुपारी दुसरा डायव्ह होता, तो मी केला नाही. एक डायव्ह सोन्यासारखा झाला होता, दुसरा कुडकुडत केला असता.

इथे थोडं लांबण लावते, कारण थंडीला लोक फक्त गैरसोय समजतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने शरीरातली उष्णता खेचतं. निओप्रीनमधल्या (सूटच्या रबरी कापडातल्या) हवेच्या फुग्यांमुळे सूट ऊब देतो, पण वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, फुगे दबतात आणि सूट पातळ होतो. म्हणजे पाणी सगळ्यांत थंड असतं तिथेच सूट सगळ्यांत कमी कामाचा. शिवाय थंडीने हातापायांचा रक्तपुरवठा आक्रसतो. खाली ऊब असताना शोषलेला नायट्रोजन वर येताना थंडी भरली तर हळू बाहेर पडतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो, म्हणून सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी पाच मीटरवर काही मिनिटं थांबतात तेव्हा) दात वाजत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवशीचा पुढचा डायव्ह छोटा आणि उथळ ठेवा, किंवा सोडा. आणि थंडी साठत जाते. सकाळी सुखाचं वाटलेलं 26 अंशांचं पाणी दिवसाच्या तिसऱ्या डायव्हला बोचतं, हे नाजूकपण नव्हे.

सूट भाड्याने घेणार असाल तर नुसता आकडा वाचू नका. गुडघ्याजवळ आणि पाठीवर चिमटीत धरून बघा. शेकडो डायव्ह झालेला 5 मिलिमीटरचा सूट हाताला 3 चा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो अंगाला घट्ट बसला पाहिजे. कमरेत पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीला थंड पाणी आत-बाहेर होतं, मग जाडीला अर्थ उरत नाही. एकच वस्तू घरून न्यायची तर हूडवाला व्हेस्ट न्या. बॅगेत जागा कमी घेतो आणि सूट न बदलता दोनेक अंश खालचं पाणी सोसता येतं. जाड सूटबरोबर बुडण्यासाठी बांधायचं शिसं वाढवावं लागतं, पण अंदाजाने नको. सिलिंडरमध्ये 50 बार दाबाचीच हवा उरलेली असताना पाच मीटरवर स्थिर थांबता येईल एवढंच वजन हवं.

दोन डायव्हच्या मध्ये ओला सूट अंगावर ठेवून डेकवर बसणारे लोक मला कळतच नाहीत. ऑगस्टमध्ये वारा सारखा असतो. अंग पुसा, सुकं घाला, वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी घाला. उष्ण प्रदेशात कानटोपी नेली म्हणून माझी थट्टा झाली, दक्षिणेहून परतताना तीच दोघांनी मागून नेली.

प्रवाहाचं गणित चंद्रावर आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे खिंडींतलं पाणीही जरा सभ्यपणे वागतं. तारखा ठरवताना मी आधी हे बघते, विमानाचं तिकीट नंतर. आमची सहल भांगात सुरू होऊन अमावास्येकडे सरकत गेली, आणि शेवटी कॅसल रॉकला पोचलो तेव्हा पृष्ठभागावर पाण्याला नदीसारखी धार आलेली. गाइडने आधी स्वतः उडी मारून पाहिलं, हे चांगल्या गाइडचं लक्षण. “जमेल, पण हुक लागेल,” असं म्हणाला. तिघं गेले, मी आणि माझी बडी, म्हणजे डायव्हमधली जोडीदार, थांबलो. ते शार्क पाहून आनंदात आले, आम्हाला हळहळ वाटली, पण निर्णय मी तोच घेतला असता. कोणीही, कधीही, कारण न देता डायव्ह रद्द करू शकतं, हा नियम बडीशी बोटीवर चढण्याआधीच बोलून घ्या. पाण्याच्या काठावर, सूट चढवल्यावर ही चर्चा नीट होत नाही.

बुक करताना बोटवाल्यांना विचारा की ऑगस्टमध्ये दक्षिणेचे दिवस किती, आणि ते नको असतील तर उत्तरेत राहता येतं का. लाबुआन बाजोहून रोज जाऊन येणाऱ्या बोटी उत्तरेला आणि मध्य भागातच फिरतात, तेव्हा थंडी अजिबात नको असेल तर तोच मार्ग सरळ. दक्षिणच बघायची असेल तर पावसाळी महिन्यांत, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान बघा. तेव्हा तिकडचं पाणी उबदार आणि स्वच्छ असतं, उत्तरेला मात्र वारा-लाटांचा त्रास होऊ शकतो.

आणि शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी किमान 18 तास मोकळे ठेवायचे आहेत, तर कोमोडो ड्रॅगन पाहायचा फेरफटका त्याच दिवशी टाका. बहुतेक जण तो पहिल्या दिवशी उरकतात आणि शेवटचा दिवस हॉटेलात लोळून घालवतात.