खडबडीत सहगुणक: एका रेघेवरची उडी आणि अडून बसलेला घातांक

उड्या मारणाऱ्या सहगुणकांच्या इलिप्टिक समीकरणाचं उत्तर आतल्या भागात अखंड असतं, हा दे जॉर्जी–नॅश–मोझरचा टप्पा पार पडला. सिद्धतेतली प्रत्येक पायरी वहीत स्वतः मांडून झाली. आता गाडी क्षेत्राच्या सीमेवर आली आहे, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते याच भागामुळे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: फलनाच्या ग्रेडियंटला (कोणत्या दिशेत किती वेगाने बदलतं त्याला) मॅट्रिक्सने गुणायचं, त्याचं डायव्हर्जन्स (प्रत्येक बिंदूतून निव्वळ बाहेर पडणारा प्रवाह) शून्य, हे आपलं इलिप्टिक समीकरण. मॅट्रिक्समधल्या नोंदी म्हणजे सहगुणक. मॅट्रिक्सने दोन धन मर्यादांच्या आत राहावं एवढीच अट. बाकी ती जागोजागी हव्या तेवढ्या उड्या मारू दे. दिवसा माझं काम क्षारपड जमिनीच्या निचऱ्याचे आराखडे काढण्याचं. सांगलीच्या आसपास कृष्णाकाठी पाईपसाठी चर खणला की आधी काळी माती, मग चिकण, खाली मुरूम. पाणी झिरपण्याचा वेग थर बदलला की एकदम बदलतो, मधे हळूहळू उतरत जाणं वगैरे काही नाही. तो झिरप-गुणांक म्हणजेच आपला सहगुणक. त्यामुळे ‘खडबडीत’ हा शब्द मला कधी पुस्तकी वाटला नाही.

उत्तर अस्तित्वात आहे का, हा भाग स्वस्तात सुटतो: लॅक्स–मिलग्रॅम (१९५४), जेमतेम एक पान. ते उत्तर आतल्या भागात होल्डर-अखंड (दोन बिंदूंतला फरक अंतराच्या एखाद्या धन घाताने आवरलेला) असतं हे दे जॉर्जीने १९५७ मध्ये आणि नॅशने १९५८ मध्ये, स्वतंत्रपणे आणि पूर्ण वेगळ्या वाटांनी दाखवलं. त्यापुढे १९६३ चा लिटमन, स्टॅम्पाकिया, वाइनबर्गर यांचा निकाल. सीमेवर अखंड किंमती दिल्या, तर कोणत्या सीमाबिंदूंवर उत्तर त्या किमतीला जाऊन भिडतं? लाप्लासच्या समीकरणासाठी वीनरने १९२४ मध्ये जे बिंदू ठरवून दिले, तेच. सहगुणक कितीही उड्या मारोत, यादी बदलत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

खडबडीतपणा आपला हिशोब मागतो तो पुढे, सीमेवरच्या किंमती अखंड नसतात तेव्हा. फलनाच्या पी-व्या घाताचं इंटिग्रल सांत आहे, एवढंच माहीत असेल तर? मग हार्मोनिक मेझरला (सीमेच्या कोणत्या भागाचं आतल्या उत्तरात किती वजन, हे सांगणाऱ्या मापाला) सीमेवर घनता असावी लागते, आणि तीही पुरेशी आटोक्यात. लिपशिट्झ क्षेत्रात (सीमेला कोपरे चालतील, पण चढ मर्यादित) लाप्लाससाठी हे पी = २ ला जमतं, हे डालबर्गने १९७७ मध्ये सिद्ध केलं. सर्वसाधारण सहगुणकांना मात्र घनताच नसू शकते. बर्लिंग आणि आल्फोर्स यांनी १९५६ मध्ये अर्धप्रतलाची अशी क्वासिकन्फॉर्मल (आकार मर्यादेतच बिघडवणारी) मोडतोड दिली की सीमेवर शून्य लांबीचा संच पूर्ण लांबीच्या संचावर जातो. लाप्लास त्या मोडतोडीतून ओढून आणला की मिळणारं समीकरण सममित आणि इलिप्टिकच असतं, पण त्याचं हार्मोनिक मेझर लांबीशी फटकून वागतं. कॅफारेली, फेब्स आणि केनिग यांची १९८१ ची उदाहरणं तर अशी की मेझर संपूर्णपणे सिंग्युलर, म्हणजे सगळं शून्य लांबीच्या संचावर साठलेलं.

म्हणून एक जादा अट घालतात: सीमेपासून आत जाताना मॅट्रिक्स बदलू नये, सीमेला समांतर दिशेत हवी तशी बदलावी. जेरिसन आणि केनिग यांनी १९८१ मध्ये दाखवलं की सममित मॅट्रिक्स असेल तर एवढ्यावर पी = २ चा डिरिश्ले प्रश्न (सीमेवरच्या किंमतींवरून आतलं उत्तर काढण्याचा) सुटतो. गाभा रेलिखच्या सूत्रात आहे. ऊर्जेचं उभ्या दिशेतलं डेरिव्हेटिव्ह घेतलं की तीन पदं येतात. मॅट्रिक्सचं डेरिव्हेटिव्ह असलेलं पद अटीमुळे जातं. उरलेली दोन सममितीमुळे समान होतात, आणि त्यांची बेरीज नेमकी एक डायव्हर्जन्स निघते. इंटिग्रल सगळं सीमेवर येऊन पडतं.

सममिती काढून घेतली तर? केनिग, कोख, पायफर आणि टोरो यांच्या २००० च्या लेखातलं उदाहरण मी हाताने सोडवलं. वरचं अर्धप्रतल घ्या. कर्णावर १, १. कर्णाबाहेर म आणि उणे म. म ची किंमत उजवीकडे क, डावीकडे उणे क, आणि क धन. दोन्ही बाजूंना स्थिर विषमसममित भागाचा (म आणि उणे म या जोडीचा) काहीच परिणाम होत नाही, म्हणून उत्तर तिथे साधं हार्मोनिक. सगळा खेळ मधल्या उभ्या रेघेवर. डावी-उजवी सारखी, सीमेवर शून्य होणारी उत्तरं शोधायची. उजव्या चरणात (अर्धप्रतलाच्या उजव्या अर्ध्यात) मूळबिंदूपासूनच्या अंतराचा अल्फा घात गुणिले साइन(अल्फा·थीटा) घेतलं, थीटा हा सीमेपासून मोजलेला कोन, आणि रेघेवर फ्लक्स (रेघ ओलांडणारा प्रवाह) जुळवला की उरतं एवढंच:

टॅन(अल्फा·पाय/२) = १/क

क = १ ला अल्फा १/२. क = √३ ला १/३. क = १+√२ ला १/४. आता ट्रान्सपोज केलेलं (मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ अदलाबदल केलेलं) समीकरण घ्या. त्याच्या हार्मोनिक मेझरची घनता मूळबिंदूजवळ अंतराच्या (अल्फा − १) घातासारखी वागते, म्हणून डिरिश्ले प्रश्न सुटायला पी हा १/अल्फा पेक्षा मोठा लागतो. क = १ ला घनतेचा वर्ग १/अंतर होतो आणि इंटिग्रल लॉगने अनंताला जातं: पी = २ थोडक्यात हुकतो. क वाढवत नेला की कोणताही ठरावीक पी कधी ना कधी हातचा जातो.

असं का होतं, तेही समीकरणातच दिसतं. ट्रान्सपोज केल्यावर मधल्या रेघेवर खालच्या दिशेने एक रेटा शिल्लक राहतो. यदृच्छेने भटकणारे कण त्या रेघेला लागले की खाली ढकलले जातात आणि मूळबिंदूशी गर्दी करतात. लॅपटॉपवर कण सोडून आलेख काढला, तीच गर्दी दिसली.

माझ्या मातीत हे घडणार नाही, कारण झिरपण्याचा टेन्सर सममित असतो. पण चुंबकीय क्षेत्रातल्या वाहक पत्र्यात हॉल परिणामामुळे (क्षेत्र विद्युतप्रवाहाला आडवं वळवतं त्यामुळे) विषमसममित भाग खरोखर येतो. पत्र्याच्या दोन अर्ध्यांवर उलट दिशांचं क्षेत्र लावलं, की हेच क आणि उणे क.

केनिग आदींच्या त्याच २००० च्या लेखात दिलासाही आहे: प्रतलात, मॅट्रिक्स उभ्या दिशेने बदलत नसेल, तर सममिती नसतानाही पुरेसा मोठा कुठला तरी पी नक्की चालतो. कोणत्याही मितीसाठी हे हॉफमन, केनिग, मायबोरोडा आणि पायफर यांनी २०१५ मध्ये सिद्ध केलं. त्यासाठी काटोच्या वर्गमूळ प्रश्नाच्या (अशाच इलिप्टिक ऑपरेटरच्या वर्गमूळाचा आकार ग्रेडियंटएवढाच असतो का, या प्रश्नाच्या) २००२ च्या उत्तरातली साधनं लागतात, म्हणून आता तो २००२ चा लेख काढला आहे. सध्या टीबी प्रमेयापाशी (ऑपरेटर आटोक्यात आहे का, हे निवडक चाचणी-फलनांवर तपासणाऱ्या प्रमेयापाशी) आहे. त्यातली चाचणी-फलनं कशी निवडायची, हे ज्यांनी एका मितीत हाताने करून पाहिलं असेल त्यांनी आपली मांडणी जरूर पाठवावी. रेघेवरच्या उडीचं माझं गणित मी सगळ्या पायऱ्यांसह देतो.